विश्लेषण : व्हिसा नाकारला गेला, तरी परदेशात राहून ऑनलाइन काम करता येतं का?

अमेरिकेचा किंवा युरोपचा व्हिसा नाकारला गेला, की हल्ली रील्समधून एक सल्ला हमखास मिळतो : 'डिजिटल नोमॅड व्हिसा घ्या आणि स्पेनला राहायला जा.' असा व्हिसा खरोखरच आहे. पण तो कोणाला परवडतो, हे रीलमध्ये सहसा सांगितलं जात नाही.

नकार किती जणांना मिळतो?

२०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले. त्यातले सुमारे १.६५ लाख नाकारले गेले. प्रौढांसाठी ९० युरो असलेलं शुल्क नकारानंतरही परत मिळत नाही.

नकार म्हणजे बंदी का?

नाही. पर्यटन व्हिसा देताना कळीचा प्रश्न असतो : हा माणूस मुदतीत परत जाईल का? अमेरिकेचा पर्यटन व्हिसा ज्या २१४(बी) कलमाखाली सर्रास नाकारला जातो, त्याचंही मूळ हेच. नोमॅड व्हिसात मात्र विचारलं जातं : इथली नोकरी न घेता तुम्ही इथे स्वतःचा खर्च भागवू शकता का? शिवाय ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचे नियम सामायिक आहेत, तर दीर्घ मुदतीचा व्हिसा प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार देतो.

त्यामुळे 'परत जाण्याची खात्री पटली नाही' हे कारण इथे आपोआप आड येत नाही. खोट्या कागदपत्रांमुळे नकार मिळाला असेल, तर मात्र प्रकरण गंभीर होतं. शेंगेनच्या नकाराची नोंद सामायिक यंत्रणेत ५ वर्षांपर्यंत राहते. अर्जात विचारलं असेल, तर जुना नकार लपवू नये.

कोणता देश काय मागतो?

• स्पेन : किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न. २०२५ च्या हिशोबाने महिना सुमारे २,७६३ युरो, म्हणजे पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास. सोबत पदवी किंवा ३ वर्षांचा अनुभव.
• पोर्तुगाल : किमान वेतनाच्या चौपट. २०२५ मध्ये महिना ३,४८० युरो.
• दुबई : महिना ३,५०० डॉलर. परवाना १ वर्षाचा.
• थायलंड : खात्यात ५ लाख बाट. व्हिसा ५ वर्षांचा, पण एका वेळी मुक्काम १८० दिवसांचा. याला रहिवास म्हणता येणार नाही.

खरी अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पगाराची. पुण्यातल्या सर्वसाधारण आयटी कर्मचाऱ्याला महिना पावणेतीन लाख मिळत नाहीत. हा मार्ग प्रामुख्याने वरिष्ठ पदावरच्यांसाठी किंवा डॉलरमध्ये कमावणाऱ्या फ्रीलान्सरांसाठी आहे.

दुसरी अडचण कंपनीची. 'हा कर्मचारी परदेशातून काम करू शकतो' असं पत्र लागतं. पण त्यामुळे तिथे कर आणि कामगार कायद्यांची जबाबदारी आपल्यावर येईल, या भीतीने अनेक कंपन्या ते देत नाहीत.

तिसरी अडचण सामाजिक सुरक्षेची. भारताचा पोर्तुगालशी असा करार २०१७ पासून लागू आहे, स्पेनशी नाही. त्यामुळे भारतीय कंपनीच्या पगारदाराचा स्पेनचा अर्ज इथे अडकू शकतो. फ्रीलान्सरला तिथे स्वयंरोजगारासाठी नोंदणी करून हप्ते भरावे लागतात.

आणि कर? स्पेनमध्ये वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात, तर तुम्ही तिथले करदाते होता.

मग काय करावं?

आधी नकाराच्या पत्रातलं कारण नीट वाचा. मग मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट उत्पन्नाच्या अटीशी ताडून बघा आणि कंपनीकडून पत्र मिळेल का, ते विचारा. ही दोन उत्तरं हातात येण्यापूर्वी एजंटला पैसे देऊ नका. 'हमखास रहिवास' देण्याचा अधिकार कुठल्याच एजंटकडे नसतो. उत्पन्नाचे आकडेही बदलत राहतात. अर्जाआधी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ते तपासून घ्या.