रिपोर्ट लवकर हवा, पण नीट वाचलेला हवा

"डॉक्टर, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग या जनुकीय तपासणीला इतके आठवडे का?" तुमची घालमेल मला कळते. पण घाई कुठे करायची, यावर माझं तुमच्याशी भांडण आहे.

जून २०२१ आठवा. राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडले, त्यातले ९ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्याचा राज्यातला पहिला मृत्यूही आपल्याच संगमेश्वर तालुक्यात नोंदला गेला. डेल्टा आणि डेल्टा प्लस वेगळे ओळखायची मुख्य खूण काय होती? विषाणूच्या सुमारे ३० हजार अक्षरांतलं बदललेलं एक अक्षर! ते चुकीचं वाचलं, तर एखादं गाव उगाच बंद होणार किंवा खरा रुग्ण निसटणार.

आता यंत्राकडे बघा. काचेच्या पट्टीवर डीएनएचे तुकडे चिकटवतात आणि प्रत्येक अक्षराची चमक कॅमेरा टिपतो. तुकडे फार दाटले की शेजारच्या चमका एकमेकींत मिसळतात. गणपतीच्या एसटीत कंडक्टरला कुणाचं तिकीट राहिलं ते कळत नाही, तसंच. वाचनाच्या दर्जाला गुण असतात: क्यू-३० म्हणजे हजारात एक चूक, क्यू-२० म्हणजे शंभरात एक. म्हणून एकच जागा पुन्हापुन्हा वाचतात. माणसाचा संपूर्ण जीनोम साधारण ३० वेळा. एका फेरीत जास्त नमुने कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याचं वाचन घटतं.

माझ्या एका रुग्णाचा रिपोर्ट असाच झटपट आला. 'दोष नाही.' घरी पेढे वाटले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, की ज्या जनुकाची शंका होती त्याचाच काही भाग पुरेसा वाचला गेलेला नाही. पुन्हा रक्त, पुन्हा पैसे.

मग थांबतच राहायचं? मुळीच नाही! अत्यवस्थ बाळासाठी एकेक तास मोलाचा असतो. स्टॅनफर्डच्या चमूने एका रुग्णाचा जीनोम ५ तास २ मिनिटांत वाचला; २०२२ मध्ये ते जाहीर झालं. त्यांनी वाचन कमी केलं नाही, एका रुग्णासाठी एकदम ४८ पट्ट्या लावल्या.

आपला वेळ जातो तो बहुतेक यंत्राबाहेर: इथून नमुना घाट चढून शहरात पोचेपर्यंत आणि तिथे पट्टी भरण्याइतके नमुने जमेपर्यंत. भांडायचं तर त्यासाठी भांडा, मीही बरोबर येतो. रिपोर्ट आला की मात्र आधी शेवटचं पान उघडा आणि मला विचारा: संशयित जनुक किती वेळा वाचलं, आणि कुठला भाग राहिला?