बोट सुनेकडेच का?

मुलगा उशिरा बोलू लागला, शाळेत मागे पडला, नजरेला नजर देईना, की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे वळते. 'तिच्या माहेरचंच काहीतरी' असे म्हणतात. मग नवस, अंगारे. पिंपळगाव रेणुकाईच्या पंचक्रोशीत हे मी कितीदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो.

अशा काही मुलांना 'फ्रॅजाइल एक्स' हा आनुवंशिक आजार असतो. आपल्या पेशीतील डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी समजा. सस्तन प्राण्यांच्या या पोथीत तेच ते मजकूर पुन्हा पुन्हा येतात. माणसात तर जवळजवळ निम्मी पोथी पुनरुक्तीचीच. (आपली मिरचीही मागे नाही, तिच्यात हे प्रमाण आणखी जास्त!) पोथी हाताने उतरवताना एकच शब्द लागोपाठ आला की लिहिणाऱ्याची नजर घसरते, शब्द कमी-जास्त पडतो. पेशीचेही तसेच होते. लाखो वर्षांच्या अशा घसरणीतून या माळा लांबल्या, आखडल्या.

एक्स गुणसूत्रावरील एफएमआर-१ या जनुकात 'सीजीजी' ही तीन अक्षरे अशीच ओळीने येतात. उंदरात दहाच्या आसपास, माणसात साधारण ३० वेळा. ती ५५ ते २०० वेळा आली तरी माणूस बहुधा धडधाकट असतो. २०० च्या वर गेली की जनुक बंद पडते आणि मेंदूला लागणारे एक प्रथिन तयार होत नाही. हे कारण १९९१ मध्ये सापडले.

माळ २०० च्या पलीकडे वाढते ती आईकडून मुलाकडे येताना, हे खरे. पण आईला ती तिच्या वडिलांकडून आलेली असू शकते. उभा जन्म शेती केलेल्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या आजोबांकडून. यात पाप कोणाचे? म्हणून डॉक्टरांना आजोबांचे उतारवयातील थरथरणे, मावशीची चाळिशीआधीच बंद झालेली पाळी, हेही जरूर सांगा. दुवा तिथे सापडतो.

निदान रक्ताच्या तपासणीने होते. आजार मुळापासून जात नाही. पण वाचा-उपचार आणि योग्य शिक्षणाने मूल बरेच सावरते, शिवाय पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो. माझे मत स्पष्ट आहे: रक्ताचा नमुना जिल्हा रुग्णालयातच घेऊन पुढे पाठवला जावा. नमुना मुंबई-पुण्याला जावा, मजूर आईबापांनी रोज बुडवून जाऊ नये.