पदराच्या गाठीतले निदान

कापूस वेचणीच्या दिवसांत आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरच्या शिवारात जा. कपाळाला फडके करकचून आवळलेली एखादी बाई तासात वाकलेली दिसेल. पदराच्या गाठीत दोन गोळ्या. काय होते, विचारा. "सायनस हाये." कोणी सांगितले? मेडिकलवाल्याने! नाकात न पाहता, ताप न मोजता, एक प्रश्न न विचारता!

याला आम्ही उपचार म्हणत नाही. ही लूट आहे! गालामागच्या, कपाळामागच्या पोकळ्या सुजून डोके दुखते, हे खरे. पण तेव्हा नाक चोंदते, घट्ट पिवळा शेंबूड येतो, वास कळेनासा होतो. आणि जिचे अर्धे डोके ठणकते, उजेड सोसवत नाही, मळमळते, तिचे काय? त्या दुखण्याला आपल्या आज्यांनी केव्हाच नाव दिले आहे: अर्धशिशी! अमेरिकेत सायनसची डोकेदुखी समजल्या गेलेल्या २,९९१ जणांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीतही नाक वाहते, डोळे पाणावतात. फसगत होते ती इथेच. म्हणूनच विचारायचे असते!

खऱ्या सायनसचेही हालच. सर्दीतली सूज बहुधा विषाणूंची, दहाएक दिवसांत ओसरणारी; तिथे अँटिबायोटिक काय करणार? दहा दिवसांनीही उतार नाही, किंवा बरे वाटून पुन्हा बिघडले, तर जंतूंचा संशय घ्यावा. बारा आठवडे रेंगाळले तर दुर्बिणीने नाक तपासावे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला दमडी लागत नाही. पण ते सांगून दुकानाचा गल्ला भरत नाही! उलट महिन्यातले पंधरा दिवस वेदनाशामक गिळले, की गोळीच डोके दुखवू लागते.

डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, तापात मान ताठली, तर क्षण न दवडता आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठा.

आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारी दवाखान्यात डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला बसवून, मराठीत, गोंडीत, तेलुगूत, तिच्या भाषेत विचारा. कान-नाक-घशाचा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा मंडलात पाठवा. चिठ्ठीविना अँटिबायोटिक विकणाऱ्यावर कायदा चालवा.

आणि घरच्यांनो, "बायकांचे डोके दुखायचेच" हे वाक्य आजपासून बंद! अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट छळते, म्हणून ती सोंग ठरत नाही. गोळी पुढे करण्याआधी तिला विचारा: कुठे दुखते? कधीपासून? पदराची ती गाठ या दोन प्रश्नांनीच सुटेल.