निकेलच्या जाळीची कसोटी

हरित हायड्रोजनची आपल्याकडची चर्चा कोटींत आणि टनांत होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेले अभियान १९,७४४ कोटींचे, २०३० पर्यंतचे उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टनांचे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही स्वतंत्र धोरण आणून ८,५६२ कोटी जाहीर केले. पाण्यापासून निघणारा हा वायू परवडेल की नाही, याचा निकाल मात्र बराचसा विजेने पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोलायझर या यंत्राच्या पोटातल्या निकेलच्या जाळीवर आणि तिच्यावरच्या मिश्रधातूच्या पातळ लेपावर लागणार आहे. केंद्राच्या अभियानात संशोधनाच्या वाट्याला आले ४०० कोटी. एकूण रकमेच्या जेमतेम दोन टक्के.

एक किलो हायड्रोजनसाठी तत्त्वतः सुमारे ३९ युनिट वीज पुरते. प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट जातात. वरच्या युनिटांचा मोठा भाग पाण्याच्या रेणूची नाखुशी मोडण्यात खर्ची पडतो आणि उष्णता होऊन वाया जातो. ही नाखुशी कमी करणे हे उत्प्रेरकाचे काम. प्लॅटिनम आणि इरिडियम ते उत्तम करतात; पण इरिडियम जगभरात वर्षाला सात-आठ टन निघते, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून. तेव्हा मोठ्या उत्पादनासाठी भिस्त निकेलवर.

निकेलची युक्ती जुनी आहे. गेल्या शतकाच्या विशीत मरे रेनी या अमेरिकी अभियंत्याने निकेल-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू करून त्यातले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवले. मागे उरले स्पंजासारखे सच्छिद्र निकेल. त्याला ते हवे होते तेल थिजवून वनस्पती तूप करण्यासाठी! आज तेच इलेक्ट्रोलायझरमध्येही वापरतात. निकेलमध्ये मॉलिब्डेनम मिसळले, की हायड्रोजनच्या बाजूला ते प्लॅटिनमच्या बरेच जवळ पोहोचते. ऑक्सिजनच्या बाजूला तर द्रावणात अशुद्धी म्हणून आलेला लोखंडाचा अंशही निकेलला जोम देतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवले.

मग घोडे अडले कुठे? टिकाऊपणात. नव्या मिश्रधातूंचे शोधनिबंध थप्पीने निघतात. त्यांतल्या बहुतेक चाचण्या काही तासांच्या, फार तर काही दिवसांच्या, आणि खोलीच्या तापमानाला. कारखान्यात ७०-८० अंशांचे दाहक पोटॅशचे द्रावण असते आणि अपेक्षा किमान ६० हजार तासांची. त्यात आपला भर सौरऊर्जेवर. सूर्य मावळला आणि यंत्र थांबले, की आत उलटा प्रवाह वाहतो. हायड्रोजनच्या बाजूचा धातू ऑक्सिडाइज होऊ लागतो, मॉलिब्डेनम द्रावणात उतरते. सकाळी तीच जाळी पुन्हा कामाला. वर्षाकाठी हे शेकडो वेळा. तंत्र तसे आपल्याला नवे नाही; साठच्या दशकात पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढला जाई, हे अनेकांना ठाऊकही नसेल. पण धरणाची वीज सूर्यास्ताला थांबत नव्हती. बॅटऱ्यांनी यंत्र रात्रभर चालू ठेवता येईल खरे, पण तो खर्च शेवटी किलोमागेच मोजावा लागेल.

शिवाय धातू आणायचे कुठून? निकेल, मॉलिब्डेनम आणि प्लॅटिनम गटातले धातू हे सारे केंद्राच्या २०२३ च्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहेत, कारण त्यांच्यासाठी हात पसरावे लागतात ते परदेशापुढे. गोव्यात कुंकळ्ळीचा निकोमेट कारखाना वेदांताने घेतला, तेवढाच काय तो निकेलचा दिलासा. एकदा बसवलेली जाळी किती वर्षे बदलावी लागणार नाही, हा प्रश्न म्हणूनच आयातीच्या बिलाचाही आहे.

चाचणी सुविधांसाठी केंद्राने २०२४ मध्ये योजना आणली, हे चांगलेच झाले. पण त्या चाचण्यांत यंत्र रोज बंद-चालू करून पाहिले पाहिजे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारखी संस्था पुण्यात असताना महाराष्ट्राने आपल्या ८,५६२ कोटींतून असे एक केंद्र उभारावे, देशी-विदेशी प्रत्येक उत्पादकाची जाळी तिथे हजारो तास तपासावी आणि निकाल उघड करावेत. किलोमागे अनुदानाची पुढची निविदा त्या निकालांनंतरच निघावी.