दूरचा संगणक, घरची किल्ली

आईबाबा बेळगावात, संगणकही तिथेच, आणि तो नीट समजणारा मुलगा किंवा मुलगी बेंगळुरात नाहीतर पुण्यात. आपल्या भागात आता घरटी हेच चित्र. फोनवरून ‘डाव्या कोपऱ्यात बघा, नाही, खालच्या’ असे अर्धा तास चालते आणि शेवटी दोघेही वैतागतात. म्हणून बरेच वाचक विचारतात की लांबून घरचा संगणक आपल्याच पडद्यावर आणून चालवता येईल का? येतो, आणि तोही फुकट. पण त्या संगणकात बँकेची कागदपत्रे असतात, शेताचा उतारा असतो, नातवंडांचे फोटो असतात. बाहेरून उघडणारे दार करायचे तर कुलूप आधी आणि दार मागून.

विंडोजमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ नावाची सोय एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. मात्र घरगुती लॅपटॉपवर बहुधा विंडोजची ‘होम’ आवृत्ती असते. तिच्यावरून दुसऱ्या संगणकात शिरता येते, पण तिच्यात कोणाला शिरू देता येत नाही. त्याला ‘प्रो’ लागते. शिवाय या पद्धतीने तुम्ही आत गेलात की तिथला पडदा कुलूपबंद होतो, बाबांना काहीच दिसत नाही. स्वतःच्या दुकानातल्या संगणकावर रात्री घरून हिशेब करायला ही सोय उत्तम. आईला काही शिकवायचे असेल तर निरुपयोगी.

आईबाबांसाठी माझी पसंती ‘क्विक असिस्ट’ला. ते मायक्रोसॉफ्टचेच आहे आणि ‘होम’वरही चालते. मदत करणारा आपल्या खात्यातून एक कोड काढतो, समोरचा तो टाकतो, आणि पडदा दाखवायला ‘हो’ म्हणतो. माऊस हाती द्यायचा तर पुन्हा वेगळी परवानगी. काम संपले की खिडकी बंद, दार बंद. कायमची किल्ली कोणाकडेच राहत नाही. मुलगा झाला म्हणून काय, बाबांच्या नकळत त्यांच्या संगणकात शिरावे, हे मला पटत नाही.

घरी कोणी नसतानाही आत जायचे असेल तर ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ बघा. त्याला किमान सहा आकडी पिन लागतो. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. आणि ज्या गूगल खात्याने तुम्ही आत जाता त्याला द्विस्तरीय पडताळणी लावा. ते खाते कोणाच्या हाती लागले तर पुढे फक्त पिनचा अडसर उरतो. संगणक ‘स्लीप’मध्ये गेला की संपर्क तुटतो, तेव्हा ती सेटिंग बदलून ठेवा. आमच्याकडे दुपारी वीज जाणारच, म्हणून यूपीएस लागतोच.

एक गोष्ट मात्र करू नका. रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरमधून ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उघडी पोर्टे शोधत आपोआप फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात आणि सापडलेल्या दारावर पासवर्डमागून पासवर्ड आपटून बघतात. मे २०१९ मध्ये तर या सोयीत अशी फट सापडली की जुन्या विंडोजवर पासवर्डशिवायही आत जाता येत होते. एक्सपीचा पाठिंबा २०१४ मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. बाहेरून यायचेच असेल तर आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप. विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

आपल्या घरांत आणखी एक गंमत होते. एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड. कोणीतरी कन्नड ठेवून उठलेले असते आणि तुम्ही लांबून पासवर्ड टाकता. तो बरोबर असूनही चुकतो. दोन-तीनदा चुकला तर थांबा आणि खालच्या कोपऱ्यातली भाषा आधी बघा. विंडोज ११ च्या नव्या मांडणीत दहा चुकांनंतर दहा मिनिटे कुलूप लागते.

आता फोनचे. अशा प्रकारच्या अॅपमधूनच लोकांची खाती रिकामी होतात. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने याबद्दल बँकांना सावध केले होते. फोन करणारा मराठीत ‘काका’ म्हणेल, कन्नडमध्ये ‘सार’ म्हणेल, केवायसी संपली सांगेल आणि अॅप उतरवून त्यावरचा आकडा वाचून दाखवायला लावेल. घरात ठरवून टाका, आपण स्वतः फोन लावून मदत मागितली असेल तरच कोड द्यायचा-घ्यायचा. आलेल्या फोनवर कधीच नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कोणी फसलेच, तर आधी इंटरनेट तोडा, लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून.