मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबईहून लंडन किती दूर, असें विचारलें असतां पुष्कळ विद्यार्थी 'सुमारें ७,२०० किलोमीटर' असें तत्काळ सांगतील. आणि विमानास वेळ किती लागतो, याचें उत्तर 'नऊ-दहा तास' असें देतील. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. परंतु उत्तर पाठ असणें निराळें आणि तें कशानें ठरलें हें ठाऊक असणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीवांचून पहिलीस ज्ञान म्हणतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम अंतराचें पाहूं. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा हा या दोन शहरांमधील सर्वांत जवळचा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा, म्हणजे तो त्या रेषेच्या उत्तरेकडून जातांना दिसेल. वरील अंतर त्या दोऱ्याचें आहे.

अंतर जातांना व येतांना एकच. वेळ मात्र एक नाहीं. सुमारें दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते लंडनकडे जाणाऱ्या विमानास अडवितात व परत येणाऱ्यास पाठीमागून ढकलतात; म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो. केवळ घड्याळावर विसंबणारा तर पुरताच फसेल. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. दुपारीं दोन वाजतां मुंबईहून निघालेलें विमान दहा तास उडून लंडनला उतरलें, तर तेथें सायंकाळचे साडेसहाच वाजलेले असतात!

पण वेळ ठरविणारें आणखी एक कारण आहे, व तें मनुष्याच्या हातचें आहे. ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत ता. १० रोजीं लंडनला पोहोंचलें. आज विमानें वाटेंत कोठेंहि न उतरतां तेथें जातात. हा बुद्धीचा व परिश्रमाचा विजय होय. याच्या उलट, फिनलंडच्या हेलसिंकीहून जपानच्या टोकियोस पूर्वीं सुमारें साडेनऊ तासांत जातां येत असे. १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, रशियाचें आकाश युरोपीय विमानांस बंद झालें, आणि त्याच प्रवासास तेरा तासांच्या आसपास लागूं लागले. आपल्याकडेहि २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश बंद असतां दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांस मोठा वळसा घ्यावा लागला. शहरें होतीं तेथेंच होतीं. यंत्रेंहि बिघडलीं नव्हतीं. शेजारी शेजाऱ्यास पारखा झाला, एवढेंच.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस अंतरांचे आंकडे घोकावयास लावण्यापूर्वीं घरीं एक लहानसा पृथ्वीगोल व एक दोरा द्यावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कांहीं जण पुढें वेगवान विमानें बांधतील. तीं अवश्य बांधा. परंतु अनेकांनीं वर्षानुवर्षें झटून वांचविलेले तास एका भांडणानें एका दिवसांत गमावले जातात, हेंहि ध्यानांत ठेवा. शेजाऱ्याशीं सलोख्यानें राहण्याची विद्या भूगोलाच्या पुस्तकांत नसली, तरी तिच्यावांचून जवळचा मार्गहि दूरचा होतो.