स्कोअर घसरला, बरं झालं!

जानेवारीतल्या संकल्पांची गळती ठरलेली असते. जिम पहिल्या पंधरवड्यात सुटते, डाएट संक्रांतीच्या तिळगुळाला शरण जातं आणि रोजची डायरी फेब्रुवारीपर्यंत कशीबशी तग धरते. त्यातल्या त्यात चिवट संकल्प म्हणजे ‘यंदा इतकी पुस्तकं वाचणार’. कारण सोपं आहे. सुटलेलं पोट चारचौघांना दिसतं, न वाचलेलं पुस्तक दिसत नाही!

आता तर या संकल्पाला मस्त ग्लॅमरही आलंय. गुडरीड्स २००७मध्ये सुरू झालं आणि २०११पासून तिथे वार्षिक रीडिंग चॅलेंज घेता येऊ लागलं. जानेवारीत आकडा टाकायचा, पुस्तक संपलं की टिक करायची, पट्टी पुढे सरकते. मागे पडलात तर तसंही सांगितलं जातं. थोडक्यात काय, ऑफिसातलं टार्गेट घरी आणायचं आणि त्याला छंद म्हणायचं. मग नोव्हेंबरात आपली मंडळी काय करतात? जे क्वार्टर संपताना ऑफिसात करतात तेच. सोपे सौदे शोधतात. ऐंशी पानांची पुस्तकं अचानक फार आवडायला लागतात.

मला आकड्यांचं वावडं नाही. उलट मी एक्सेलवर जीव असलेली बाई आहे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी वार्षिक चॅलेंजच्या डोक्यावर एक लांब पल्ल्याचं चॅलेंज बसवलं. कल्पना सुचली अॅन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेमुळे. २०१२ या एका वर्षात तिने जगातल्या १९६ देशांचं प्रत्येकी एक पुस्तक वाचायचं ठरवलं आणि पारही पाडलं. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या चिमुकल्या देशाचं इंग्रजीत पुस्तकच मिळेना, तेव्हा काही लोकांनी तिच्यासाठी हौसेने पोर्तुगीजमधून अनुवाद करून दिला. म्हटलं, जग राहू दे, आधी घरचं बघू. महाराष्ट्राचे जिल्हे ३६, प्रत्येकाची तीन पुस्तकं, म्हणजे १०८. अख्खी जपमाळ! वर्षाला १२ धरली तर बरोबर नऊ वर्षं.

पहिल्या दोन वर्षांत आठ जिल्हे झाले. मुंबईचे दोन, ठाणे, रायगड, मग पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. स्कोअर २४/१०८, अगदी वेळेवर. तिसऱ्या वर्षी पार पूर्वेच्या टोकाला उडी मारली : चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. आणि तिथे गाडी अडकली.

सप्टेंबरअखेरची शीट बघा. यंदा वाचून झालेली पुस्तकं ११. वार्षिक टार्गेट १२, म्हणजे मी दोन पुस्तकांनी पुढे. पण अकराच्या अकरा एकट्या चंद्रपूर-गडचिरोलीची! नियमाप्रमाणे जिल्ह्याला तीनच मोजायची, म्हणजे लांब पल्ल्याच्या खात्यात जमा झाली फक्त सहा. स्कोअर ३०, असायला हवा होता ३३. एकाच वर्षात एक पट्टी हिरवी आणि दुसरी लाल. भंडारा आणि गोंदियाला तर अजून हातच लावलेला नाही.

अडकायला झालं काय? सुरुवातीला माझ्याही डोक्यात गडचिरोली म्हणजे ‘बदलीची धमकी’ एवढंच होतं. आमच्या ऑफिसात कुणी रिपोर्ट उशिरा दिला की बॉस अजूनही म्हणतो, ‘काय रे, पाठवू का गडचिरोलीला?’ सगळे हसतात. दोन तृतीयांशाहून जास्त जंगल असलेला जिल्हा आपल्या हिशेबात फक्त एक जोक असतो.

पहिली अडचण आली डब्यांची. प्रकाश आमटे यांचं ‘प्रकाशवाटा’ कुठल्या जिल्ह्यात टाकायचं? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला डिसेंबर १९७३मध्ये. गडचिरोली जिल्हा जन्माला आला २६ ऑगस्ट १९८२ला. म्हणजे पहिली जवळजवळ नऊ वर्षं हेमलकसा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. १९०९चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटिअर तर दोन्हीकडचं, कारण तेव्हा हा सगळा मुलूख एकच होता. तीन पुस्तकांचा कोटा असा फुगत गेला. ‘प्रकाशवाटा’ वाचल्यावर विलास मनोहरांचं ‘नेगल’ हवंच, हेमलकशाच्या प्राण्यांसाठी. त्यांचीच ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी मग टाळता येत नाही. बाबा आमटे यांच्या ‘ज्वाला आणि फुले’नंतर साधनाताईंचं ‘समिधा’ वाचलं नाही तर वरोऱ्याच्या आनंदवनाची अर्धीच गोष्ट हाती लागते.

तुमच्या-माझ्यासारख्या डेस्कवाल्यांसाठी खास शिफारस : डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. जंगलातल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉक्टरला ४४व्या वर्षी हार्ट अॅटॅक येतो आणि तो स्वतःच्याच जगण्याची तपासणी सुरू करतो. डेडलाइनवर जगणाऱ्या प्रत्येकाने तिशीतच वाचावं असं. त्याच घरातली डॉ. राणी बंग यांची दोन पुस्तकं, ‘कानोसा’ आणि ‘गोईण’. पहिलं बायकांच्या आरोग्याबद्दल, दुसरं तिथल्या बायका आणि झाडं यांच्या नात्याबद्दल. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)बद्दल आहे. या गावाला २००९मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, १८०० हेक्टरहून जास्त. अकरावं मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदणं’. ते कुठल्याच जिल्ह्यात बसेना, अख्ख्या विदर्भाच्या जंगलात हिंडतं. शेवटी शीटमध्ये त्याच्यासाठी ‘जंगल’ नावाचा वेगळा डबा केला.

यातल्या दोन पुस्तकांनी माझी शीटच बदलून टाकली.

बंग दांपत्याच्या कामाचा पाया आहे मोजणं. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या खेड्यांत जन्म आणि मृत्यू एकेक करून नोंदवले. कागदावर न येणारे बालमृत्यू त्या नोंदींमुळे दिसायला लागले. त्यातूनच २००१चा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. मोजदादीचा खरा उपयोग तिथे कळतो. सरकारी आकड्यात जे गळलं होतं, ते नेमकं नोंदीच्या वहीत सापडलं. आणि मेंढ्याचे अभ्यासगट! गावात निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. पण त्याआधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतो. मग तो जंगलाचा कायदा असो की मधमाश्या न मारता मध कसा काढायचा हा प्रश्न. किती अभ्यास झाला यापेक्षा त्यातून काय ठरलं, याला तिथे किंमत आहे.

म्हणून मी शीटमध्ये दोन नवे कॉलम टाकले. एक, ‘या पुस्तकाने माझं काय बदललं’, एका ओळीत. दुसरा, ‘लेखक कुठला’. पहिला कॉलम भरायला मजा आली. ‘गोईण’समोर लिहिलंय : ऑफिसच्या रस्त्यावरच्या झाडांपैकी चारच ओळखता येतात, यादी वाढवणे. दुसरा कॉलम मात्र भरला आणि थांबले.

आधी सांगलीची रांग बघितली. अण्णाभाऊ साठे, शंकरराव खरात, व्यंकटेश माडगूळकर. वाटेगाव, आटपाडी, माडगूळ. तिघंही तिथल्याच मातीतले, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यातलेच. मग चंद्रपूर-गडचिरोलीची रांग. कुणी पुण्याहून गेलेलं, कुणी सेवाग्रामात वाढलेलं, कुणी सोलापूरचं. कुणी चंद्रपूरचंच आहे, पण गॅझेटिअर साहेबांचं. माणसं मोठी, कामं त्याहून मोठी, पुस्तकं एकाहून एक सरस. पण ११ पुस्तकांत माडिया आणि गोंड माणसं पानोपानी भेटतात आणि त्यातलं एकही पुस्तक माडिया किंवा गोंड माणसाने लिहिलेलं नाही. ११/१२ या दिमाखदार आकड्यात हे कुठेच दिसत नव्हतं.

तिथली माणसं लिहीत नाहीत असं मुळीच नाही बरं का. १९७९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपूरला भरलं, अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे. २०१२मध्ये ते पुन्हा चंद्रपूरला आलं, तेव्हा अध्यक्ष होते वसंत आबाजी डहाके. हे आपल्याला सहज सापडतं. पण त्याच १९७९ साली, त्याच जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन झालं, हे मला यंदा शोधायला गेल्यावर कळलं. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा कवितासंग्रह आहे. गोंडी आणि मराठीत लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांचा ‘मोट्यारिन’ आहे. फक्त ही पुस्तकं एका क्लिकवर दारात येतील असं नाही, त्यांच्यासाठी लायब्ररीत कपाटं धुंडाळावी लागतात. अॅन मॉर्गनला साओ तोमेसाठी जे करावं लागलं, ते मला आपल्याच राज्यात करावं लागतंय.

आणि तिकडे आपल्याच वयाची मुलं काय वाचतायत? गडचिरोली पोलिसांनी दुर्गम भागात ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम सुरू केलाय. पोलिस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे बसतात. त्यांचंही रीडिंग चॅलेंजच आहे की! फरक एवढाच, आपली पट्टी लाल झाली तर फार फार तर आपण खट्टू होतो, त्यांच्या नोकरीची संधी हुकते. उद्या त्यांच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून, रात्री बसून आपल्या गावाचं पुस्तक लिहिलं, तर त्यासाठी माझ्या यादीत जागा असायला हवी ना?

म्हणून नियम बदललाय. जिल्ह्याच्या तीन पुस्तकांपैकी निदान एक, ज्यांच्याबद्दल बाकीची बोलतात त्यांनी स्वतः लिहिलेलं हवं. आधीचे आठ जिल्हे या चाळणीतून पार पडले. चंद्रपूर आणि गडचिरोली नाही पडले. दोन्हीतलं एकेक पुस्तक खात्यातून वजा. वाचलेलं वाया जात नाही, ते वार्षिक यादीत आहेच. फक्त जपमाळेचे दोन मणी परत ओवायचे.

तुम्हालाही असलं काही करायचं असेल तर सांगते, गणित अवघड नाही. रोज दहा पानं, म्हणजे वर्षाला ३६५० पानं. २५० पानांचं पुस्तक धरलं तर १४ पुस्तकं होतात. लोकलमध्ये, कॅबमध्ये, मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना. पुस्तकांऐवजी पानं मोजा, म्हणजे जाड पुस्तकाची भीती जाते. गॅझेटिअरसारखं धूड मी असंच महिनाभर पुरवून खाल्लं. शीट रविवारी सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं भरा, रोज नको. वार्षिक आकडा छोटा ठेवा आणि त्याच्यावर एक लांबची यादी ठेवा : जिल्हे, नद्या, आजीच्या पिढीच्या लेखिका, काहीही. आणि आकड्याशेजारी असा एक तरी कॉलम टाका, जो भरताना तुम्हाला क्षणभर थांबावं लागेल. मेंढ्यासारखा अभ्यासगट जमला तर उत्तमच. ऑफिसातले चार जण, महिन्यातला एक लंच अवर. एवढं पुरतं.

बाकी आमच्या बॉसला परवा ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचायला दिलंय. पुन्हा बदलीची धमकी आली तर ‘कधी निघू?’ असं विचारायचा विचार आहे.

आजचा स्कोअर : २८/१०८. नऊ वर्षांची दहा होतील. होऊ देत की!